कंपनीत ट्रक शिकलेल्या पोरांना पहिली गाडी कुठे आणि कशी मिळते?

हौदाफाळका
ट्रक रीतसर शिकवणाऱ्या जागा आता बऱ्याच झाल्यात. ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांच्या शाळा आहेत, मोठे फ्लीटवाले आपल्याच यार्डात पोरं तयार करतात, पुण्यात सीआयआरटी या केंद्रीय रस्ते वाहतूक संस्थेची आयडीटीआर ही ड्रायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. तिथला जड वाहनाचा कोर्स ३८ तासांचा, सहा आठवड्यांत पुरा होणारा. तिथून पास झालेल्याला आरटीओसमोर गाडी चालवून दाखवायची परीक्षा माफ.

तरी पोरगा सर्टिफिकेट घेऊन ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांत फिरायला लागला की दर ठिकाणी एकच प्रश्न: "किती वर्षं चालवतोयस?" एकीकडे ड्रायव्हरवाचून गाड्या उभ्या, दुसरीकडे शिकलेला पोरगा बाहेरच्या बाकावर. हा मालकाचा नुसता हट्ट नाही. गाडीचा हप्ता चालू असतो, वर दुसऱ्याचा माल असतो, आणि नवा हात म्हटलं की क्लच प्लेट, टायर, डिझेल तिन्हीकडून गळती लागते. ३८ तासांत स्टेअरिंग हातात बसतं, भरलेली गाडी बसत नाही. शाळेची गाडी बहुतेक वेळा रिकामी आणि सपाटीवर असते. २८ टनी गाडी भरल्यावर तीच गाडी ब्रेकला, वळणाला, चढाला वेगळीच वागते.

म्हणून हा धागा. पहिली गाडी कोणत्या धंद्यात मिळते, ट्रायलला काय बघतात, पहिल्या वर्षात कुठे फसतं, हे ज्यांना नेमकं माहीत आहे त्यांनी लिहा. मोघम सल्ले नकोत.

रोहिणी_भिवंडी
भरतीच्या बाजूने लिहिते. अर्ज आला की आधी लायसन्स सारथीवर, म्हणजे सरकारच्या लायसन्सच्या पोर्टलवर, तपासलं जातं, आणि नजर जाते ती ट्रान्सपोर्टचा शेरा (धंद्याची गाडी चालवायची लायसन्सवरची परवानगी) कोणत्या तारखेचा आहे तिकडे. शेरा तीन महिन्यांपूर्वीचा आणि बायोडेटात "चार वर्षं हेवी" असं दिसलं की अर्ज तिथेच बाजूला. नवीन आहात तर नवीनच सांगा. नवीन असण्यापेक्षा हे खोटं जास्त महागात पडतं, कारण अपघात झाला तर विमा कंपनी हीच तारीख काढून बसते.

त्यानंतर ट्रायल. बरीच पोरं किल्ली हातात पडली की थेट सीटवर चढतात, आणि निम्मी ट्रायल तिथेच हरतात. आधी गाडीभोवती फिरा. चाकाच्या नटाखालून गंजाची तांबूस रेघ उतरलेली दिसली तर नट ढिला आहे. मागच्या जोडटायरच्या मध्ये दगड अडकलाय का ते वाकून बघा. इंजिनखाली थेंब पडलाय का, पडला असेल तर तेलाचा की कूलंटचा, बोट लावून बघा. ट्रेलर असेल तर किंगपिनचं (ट्रेलर पुढच्या गाडीला जोडणाऱ्या खिळीचं) लॉक पुरतं बसलंय का, याची खात्री टॉर्च मारून करा. मग केबिनमध्ये बसल्यावर ब्रेकच्या हवेचा काटा भरेपर्यंत थांबा, गाडी हलवू नका. परीक्षक घड्याळ बघत नाही, तुमचे डोळे कुठे जातात ते बघतो.

पुढे चढावर थांबवून परत उचलायला सांगतात. मागे एक वीत जरी घसरली तरी लिहून घेतलं जातं. शेवटी डॉकला, म्हणजे गोडाऊनच्या माल चढवायच्या ओट्याला, रिव्हर्स. इथे एक गोष्ट पोरांना माहीत नसते: मध्येच थांबून, खाली उतरून, मागे बघून येणं याला गुण कापत नाहीत. उलट ज्याने एकदाही उतरून पाहिलं नाही आणि नुसता आरशावर विसंबला, त्याला गोडाऊनच्या गाडीवर कुणी ठेवत नाही. डॉकचा रबर बफर आणि गाडीचा मागचा फाळका यांत दोन बोटं जागा उरली पाहिजे, धक्का लागून गाडी थांबता कामा नये.

मोहोळकर
ताई, शेऱ्याच्या तारखेवरून एक सांगतो, कारण पोरं कोर्सचे पैसे भरून मोकळी होतात आणि मग अडकतात. ट्रान्सपोर्ट वाहनासाठी वय २० पूर्ण लागतं. शिवाय हलक्या वाहनाचं लायसन्स हातात येऊन एक वर्ष झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंगसुद्धा निघत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ७ आहे हे. म्हणजे १९ व्या वर्षी कंपनीचा ४५ दिवसांचा कोर्स करून काही उपयोग नाही. लर्निंग निघालं की ३० दिवसांनी पक्क्याची परीक्षा, लर्निंगची मुदत सहा महिने. ट्रान्सपोर्टसाठी ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५ आणि डॉक्टरचं फॉर्म १ए लागतं. आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये काढली, त्यामुळे शिक्षणावरून कुणी अडवलं तर तो कायदा नाही, त्या कंपनीचा स्वतःचा नियम आहे. पक्कं लायसन्स ५ वर्षं चालतं, पूर्वी ३ होतं.

मग मधलं ते एक वर्ष करायचं काय? ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला की ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं ट्रान्सपोर्ट वाहन साध्या हलक्या लायसन्सवर चालवता येतं, वेगळा शेरा लागत नाही. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, ४०७ या गाड्या त्या वर्षात कायदेशीर चालवता येतात. हे वर्ष फुकट घालवू नका. हजेरीचं पत्र, पगार बँकेत आल्याची नोंद, मालकाचा फोन नंबर हे जपून ठेवा. हेवीचा शेरा नवा असला तरी "वर्षभर भाड्याची गाडी चालवली, एकही क्लेम नाही" हे कागदावर दाखवता आलं की वजन पडतं.

नवशेवा_ट्रेलर
आता मुख्य प्रश्न, कुठे मिळते.

पोर्टाच्या आसपास मिळते, पण लगेच ट्रेलर मिळत नाही. उरण, द्रोणागिरी, कळंबोली पट्ट्यात कंटेनर यार्ड आणि सीएफएस (पोर्टाबाहेरची कंटेनर भरायची-रिकामी करायची केंद्रं) भरपूर आहेत. नव्या पोराला आधी यार्डातल्या आतल्या फेऱ्या देतात: रिकामा कंटेनर इकडून तिकडे, वेग ताशी १५–२० च्या आत. पगार कमी, भत्ता जवळपास नाही, म्हणून पोरं नाक मुरडतात. माझं मत विचाराल तर शिकायला याहून चांगली जागा नाही. दिवसाला पंधरा-वीस वेळा ट्रेलर रिव्हर्स करावा लागतो. हायवेवरचा ड्रायव्हर महिन्यात एवढा रिव्हर्स करत नाही.

ट्रेलरचा रिव्हर्स डोक्यात उलटा बसवावा लागतो: ट्रेलरची शेपटी उजवीकडे हवी तर स्टेअरिंग डावीकडे, आणि शेपटी वळायला लागली की लगेच सोडवायचं. नवीन पोरगा सोडवायला उशीर करतो, घोडा (पुढची ओढणारी गाडी) आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटतात, हवेच्या होसपाइप ताणून तुटतात. कात्री होतेय असं वाटलं की एकच उपाय: थांबा, पुढे घ्या, सरळ करा, परत सुरू करा. स्टेअरिंग उलटसुलट फिरवत बसलात तर टायर घासून काळे पट्टे उमटतात आणि सुपरवायझरला ते दुरून दिसतात.

कंटेनर चढला की चारही कोपऱ्यांची ट्विस्ट लॉक (डबा ट्रेलरला धरून ठेवणारी कुलपं) स्वतः हाताने फिरवून बघा. मुकादम "लावलीत" म्हणाला तरी बघा. एक उघडं राहिलं तर पुलाच्या वळणावर डबा एका बाजूने उचलला जातो. सील नंबर कागदाशी अंकन् अंक जुळवा आणि डब्याला चेप असेल तर गेटवर ईआयआरवर, म्हणजे कंटेनर ताब्यात घेतल्याच्या पावतीवर, लिहून घ्या. नाही लिहिलं तर तो चेप तुमच्या नावावर.

रेडीमिक्स_हिंजवडी
शहरात राहायचं असेल तर काँक्रीटचा मिक्सर. पुणे, नवी मुंबई, ठाणे पट्ट्यात आरएमसी (तयार काँक्रीटचे) प्लांट रोज माणसं शोधत असतात आणि नव्यांना घेतात, कारण फेरी जवळची असते आणि गाडी दिवसभर नजरेखाली असते. रात्री घरी येता येतं.

पण सोपी समजू नका. ड्रम फिरत असतो, त्यामुळे गाडीचा तोल नेहमी एका अंगाला ओढतो आणि गुरुत्वमध्य वर असतो. भरलेला मिक्सर चौकात ताशी ३० ने वळवला तर उलटू शकतो, रिकामा ट्रक त्याच वळणावर आरामात जातो. माल भरल्यापासून दोन तासांत खाली झाला पाहिजे, भारतीय मानक तसं सांगतं. ट्रॅफिकमध्ये उशीर झाला की पोरं घाबरून ड्रममध्ये पाणी सोडतात. ते कधीही करायचं नाही. पाण्याने स्लम्प (काँक्रीटचा पातळपणा) वाढतो पण ताकद जाते, क्यूब (तपासणीचा ठोकळा) फेल होतो, आणि मग चौकशी ड्रायव्हरपर्यंत येते. उशीर होतोय हे दिसलं की प्लांटला फोन करा, अ‍ॅडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये टाकायचं रसायन) किती टाकायचं ते क्वालिटीवाला सांगेल. साइटवर मागे घेताना जमीन भरावाची आहे का विचारा. पावसाळ्यात खोदकामाच्या कडेपासून खड्ड्याच्या खोलीइतकं तरी अंतर ठेवा.

तळोजा_टँकर
टँकरला पगार बरा म्हणून पोरं कोर्स संपल्याबरोबर तळोजा नाहीतर मनमाडजवळच्या पानेवाडीची वाट धरतात. पहिल्या वर्षी टँकर नको, एवढंच ठामपणे सांगतो.

घातक मालासाठी लायसन्सवर वेगळा शेरा लागतो. त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि एक तरी भारतीय भाषा लिहिता-वाचता येणं ही अट आहे. त्या शेऱ्याची मुदत ३ वर्षं, नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी. हा कागद तीन दिवसांत मिळतो, पण टाकीतला माल हलतो कसा ते तीन दिवसांत कळत नाही. टाकी पूर्ण भरलेली असली तर कमी त्रास. अर्धी असली की ब्रेक मारल्यावर माल पुढे धावतो, गाडी थांबल्यावर एका क्षणाने मागून ढकलल्यासारखा धक्का बसतो आणि गाडी पुढे सरकते. सिग्नलला पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट जागा सोडावी लागते ती यासाठी. गोल वळणावर माल बाहेरच्या बाजूला चढतो आणि स्टेअरिंग सरळ केल्यावर परत आदळतो, टँकर उलटतात ते बहुतेक त्या दुसऱ्या झोक्यात. आधी वर्ष-दीड वर्ष घट्ट बांधलेला माल वाहा, मग या.

खंबाटकी
यार्ड, मिक्सर सगळं ठीक आहे, पण माझं मत उलटं आहे. वर्षभर यार्डात घालवलेला पोरगा लाइनवर, म्हणजे लांबच्या रस्त्यावर, आला की पुन्हा नवाच असतो. मोठ्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर म्हणून बसा. मुंबई–बेंगळुरू, मुंबई–दिल्ली अशा लांबच्या फेऱ्यांना कंपन्या दोन माणसं देतात, त्यातला दुसरा नवा चालतो. सोबतीला जुना ड्रायव्हर असतो, घाट, पाऊस, रात्र, धुकं, चेकपोस्ट सगळं सहा महिन्यांत पाहून होतं.

नवशेवा_ट्रेलर
दुसरा ड्रायव्हर म्हणून ठीक, पण गाडीवर दुसऱ्याला किती किलोमीटर देतात ते आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी नवा पोरगा नावाला दुसरा ड्रायव्हर आणि कामाला क्लीनर असतो: ताडपत्री बांध, रस्सा आवळ, काच पूस, स्वयंपाक कर. सहा महिन्यांनी हातात स्टेअरिंगचे तास यार्डातल्या पोरापेक्षा कमी.

खंबाटकी
हे मान्य. म्हणून जॉइन होताना एवढं ठरवून घ्या: सपाट पट्ट्यात दिवसाउजेडी गाडी माझ्याकडे, घाट आणि रात्र पहिले तीन महिने उस्तादाकडे. आणि जीपीएसच्या रिपोर्टमध्ये कोण चालवत होतं याची नोंद ठेवणारी कंपनी निवडा. तीच नोंद पुढच्या नोकरीला अनुभव म्हणून दाखवता येते. ताडपत्री-रस्सा मात्र कमी लेखू नका. सुटलेली ताडपत्री पावसात एका रात्रीत साखर नाहीतर सिमेंट मातीमोल करते, आणि बाराचाकीवर ती कशी दुमडायची हे शाळेत कुणी शिकवत नाही.

कसारा_उतार
घाटाचं नाव निघालं म्हणून सविस्तर लिहितो, कारण नव्या ड्रायव्हरची नोकरी, कधी जीवसुद्धा, इथेच जातो.

उतारावर न्यूट्रल मारून डिझेल वाचवायचं ही लाइनवरची जुनी सवय आहे आणि उस्तादच ती शिकवतात. काही तर इंजिनही बंद करतात. त्यात काय होतं ते समजून घ्या. एअर ब्रेकची हवा कंप्रेसर भरतो आणि कंप्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे टाकीत आहे तेवढीच हवा. काटा साधारण ८ बारवर असतो, दर वेळी ब्रेक दाबला की थोडा उतरतो. पाचच्या आसपास आला की बजर वाजतो. त्याखाली गेला की मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप चावायला लागतात, गाडी ओढत, घसटत जाते आणि तापलेल्या ड्रममध्ये तेही नीट धरत नाहीत. पॉवर स्टेअरिंगही इंजिनबरोबर गेलेलं असतं, भरलेल्या गाडीचं स्टेअरिंग दोन हातांनी वळत नाही.

इंजिन चालू ठेवून नुसतं न्यूट्रल केलं तरी सगळा भार ब्रेक लायनरवर येतो. लायनर तापून गुळगुळीत होतो, आणि मग पेडल दाबलं तरी गाडी कमी होत नाही. हवा पूर्ण असते आणि तरी ब्रेक नसतो. केबिनमध्ये जळक्या लायनरचा उग्र वास आला म्हणजे उशीर व्हायला लागलाय. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार बघा. घाटासारखा दिसत नाही, रुंद सरळ रस्ता आहे, म्हणून माणूस फसतो. काही किलोमीटर सतत उतार आणि खाली शहराची वाहतूक. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका जड गाडीने कितीतरी गाड्या चेपल्या.

करायचं ते असं. उतार सुरू होण्याआधी, वरच, गिअर उतरवा. ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता त्याच नाहीतर त्याच्या एक खालच्या गिअरमध्ये उतरा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा ब्रेक) लावा. आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्याच्या वर जायला लागला की ब्रेक ठाम दाबून वेग ताशी ८–१० ने खाली आणा आणि पेडल पूर्ण सोडा. परत वाढला की परत तेच. पाय हलकाच टेकवून ठेवायचा नाही, त्याने लायनर सतत घासत राहतो. मध्येच गिअर बदलायला गेलात आणि तो पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये धावते, म्हणून जे बदलायचं ते वर. ट्रायलला घाट दिला तर एक्झॉस्ट ब्रेकचा स्विच कुठे आहे ते गाडी हलण्याआधी विचारून घ्या. मॉडेलप्रमाणे जागा बदलते.

हौदाफाळका
हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. केबिनमध्ये चिकटवावं असं आहे.

बीएस६
नव्या पोरांची एक जमेची बाजू कुणी लिहिली नाही. कंपनीत शिकलेल्याला बीएस६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची, गाडी कळते, जुन्या हाताला बऱ्याचदा कळत नाही. धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाची, म्हणजे डीईएफची, टाकी वेगळी असते, निळ्या झाकणाची. १०० लिटर डिझेलला साधारण ५ लिटर युरिया जातो. तो संपत आला की आधी दिवा लागतो, दुर्लक्ष केलं की इंजिनची ताकद उतरते आणि गाडी चढावर रांगते. टपरीवरचा सुटा युरिया किंवा पाणी मिसळून टाकलं तर सेन्सर आणि इंजेक्टर जातात, तो खर्च मोठा. चुकून डिझेलच्या टाकीत युरिया गेला तर चावीसुद्धा फिरवू नका, टाकी उतरवून साफ करेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायचा, म्हणजे रिजनरेशनचा, दिवा लागला की गाडी मोकळ्या जागी उभी करून ते पुरं होऊ द्यावं लागतं. सायलेन्सर प्रचंड तापतो, खाली वाळलं गवत नको, शेजारी कापूस किंवा पेंढ्याची गाडी नको.

मुलाखतीत हे नीट सांगता आलं तर मालक मान वर करून बघतो. गाडीच्या नंबरातून वजन सांगा: ३५१८ म्हणजे ३५ टनी, १८० च्या आसपास अश्वशक्ती, ५५३० म्हणजे ५५ टनी, ३००. कोणती गाडी चालवणार हे नंबरावरून ओळखणारा पोरगा नुसता कोर्स उरकून आलेला नाही हे कळतं.

बिल्टीबुक
पगाराचं लिहितो. "महिना इतके" या आकड्यावर हो म्हणू नका. तीन गोष्टी वेगळ्या काढा: बँकेत जमा होणारा ठरलेला पगार, फेरीचा भत्ता, आणि डिझेलचा हिशोब. पीएफ आणि ईएसआय ठरलेल्या पगारावर बसतात, भत्त्यावर बहुधा नाही. पगार कमी आणि भत्ता मोठा दाखवणाऱ्या ठिकाणी आजारी पडलात, गाडी गॅरेजला गेली, की महिना कोरडा. महिन्याला किती फेऱ्या नक्की मिळतात आणि गाडी लोडिंगला थांबली तर थांबण्याचा भत्ता आहे का, हे विचारा.

डिझेल सगळ्यात जास्त भांडणाचं. कंपनी अ‍ॅव्हरेज ठरवते आणि तेवढंच डिझेल देते. समजा ६०० किलोमीटरची फेरी, अ‍ॅव्हरेज ४ धरलं, तर १५० लिटर. तुमची गाडी ३.७ ला गेली तर १६२ लिटर लागले, वरचे १२ लिटर तुमच्या भत्त्यातून. आता हे अ‍ॅव्हरेज कोणत्या वजनावर, कोणत्या रस्त्यावर, एसी चालू धरून की बंद? १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे, तेव्हा हा प्रश्न आता रोजचा. आधी लेखी घ्या. स्वतःच्या वहीत दर फेरीला निघतानाचं आणि पोचल्याचं किलोमीटर, टाकीतली पातळी, वजनकाट्याची पावती हे लिहा. टायरला हवा दहा पौंड कमी असली तरी अ‍ॅव्हरेज पडतं, ते तर तुमच्याच हातात आहे. काठी आपटून आवाजावर हवा ओळखू नका, गेज घ्या.

ओव्हरलोडला नाही म्हणायला शिका. कायद्यात दंड २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. आणि नव्या ड्रायव्हरच्या ब्रेकचा अंदाज जेवढ्या वजनावर बसलाय, तेवढ्यावरच तो खरा असतो.

ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद): २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत घातला की भाग ब मध्ये नवा गाडी नंबर टाकून घेतल्याशिवाय हलायचं नाही. मुदत संपायच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास वाढवून मिळते, त्या वेळात ऑफिसला फोन गेला पाहिजे.

मोहोळकर
आणि बाँड. फुकट शिकवणारी कंपनी एक-दोन वर्षांचा करार घेते, त्यात काही गैर नाही. पण मधेच सोडलं तर किती भरायचे तो आकडा लिहिलेला हवा, आणि जितके महिने काम केलं तितका तो कमी होत जायला हवा. कोरा चेक देऊ नका, कोऱ्या स्टॅम्पवर सही करू नका, मूळ लायसन्स आणि दहावीची मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायला देऊ नका. तपासायला मागितलं तर दाखवा आणि परत घ्या. करारात हेही बघा की कोर्स झाल्यावर किती दिवसांत गाडी द्यायची. ते नसेल तर बाँड तुमच्यावर चालू आणि तुम्ही गोडाऊनमध्ये खोकी मोजताय असं होतं.

परभणी_एक
गळ्यात पडलेले एजंट कोर्स संपायच्या आतच आखाताचं आणि जर्मनीचं सांगतात. नव्याला जमतं का?

खंबाटकी
दादा, लगेच नाही. दुबईकडे आपलं हेवी लायसन्स चालत नाही, तिथे क्लास लावून नव्याने परीक्षा द्यावी लागते. तो खर्च कोण करणार हे ऑफर लेटरमध्ये हवं. एजंट ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरीच्या सरकारी पोर्टलवर, नोंदलेला आहे का बघा. त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, त्यापुढे मागितले की उठून या. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला, त्यात ड्रायव्हरचं कामही आहे. पण तिथे आधी जर्मन भाषा, मग तिथलं ट्रकचं लायसन्स आणि धंद्यासाठीची वेगळी पात्रता. आपलं लायसन्स तिकडे राहायला गेल्यावर सहा महिनेच चालतं. इथे दोन वर्षं गाडी चालवता चालवता भाषा शिकायला घ्या.

रोहिणी_भिवंडी
अपघाताच्या भीतीने घरचे पोरांना सोडत नाहीत, म्हणून तेही लिहिते. जानेवारी २०२४ च्या ड्रायव्हरांच्या संपाचं कारण ठरलेलं भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (२), म्हणजे अपघात करून न कळवता पळणाऱ्याला कडक शिक्षेचं, १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा बाजूला ठेवलं गेलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ मात्र आहेच: जखमीला मदत, जमाव अंगावर येईल अशी स्थिती असेल तर तिथून निघून जवळचं पोलिस ठाणं, २४ तासांच्या आत खबर. निघून जाणं आणि खबर न देणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १०८ आणि ११२ ला स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावा, त्या फोनची वेळ नोंदलेली राहते. कंपनीला त्यानंतर.

जॉइन होताना नियुक्तीपत्रावर गाडीचा वर्ग लिहून घ्या. "ड्रायव्हर" एवढंच नको, "ड्रायव्हर, तीन अ‍ॅक्सल, २८ टनी" असं. सोडताना अनुभवाच्या पत्रावर तेच उतरतं, आणि पुढच्या गेटवर विचारतात तेव्हा त्या ओळीवरच गाडी मिळते. नव्यांची ट्रायल बहुतेक ठिकाणी सकाळी गाड्या लोडिंगला लागायच्या आधी असते. आठला बोलावलं तर साडेसातला या, बूट घालून या, चपलेवर केबिन चढू देत नाहीत.

हौदाफाळका
ताई, ट्रायलला टॉर्च आणि हवेचं गेज स्वतःचं आणलं तर चालतं ना?

रोहिणी_भिवंडी
चालतं. आणि वहीसुद्धा आणायला सांगा, गाडीभोवती फिरताना जे दिसलं ते लिहायला. ट्रायल संपल्यावर ती वही मागून वाचतात.